मेकअप करून बघायचाय? आधी तालीम करा

माझं वय १७, बारावी सायन्स, गाव सांगली. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला मामेबहिणीचा मेसेज आला: "ताई, मला मेकअप करून बघायचाय. काय काय घेऊ? आणि आईला काय सांगू?" ती नववीत आहे. तिच्या शाळेचं गॅदरिंग जवळ आलंय आणि त्या दिवशी सकाळी एकदम सगळं लावायचं असं तिने ठरवलं होतं. मी लगेच फोन केला, कारण दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, म्हणजे तिच्यासारख्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

माझी दहावी संपली आणि मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न होतं. तोवर टिकली आणि पावडर सोडली तर मी तोंडाला काही लावलं नव्हतं. लग्नाच्या सकाळी नवरीच्या खोलीत पार्लरच्या बाई आल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "हिचंही जरा करा की." त्यांनी माझ्या रंगापेक्षा दोन छटा उजळ फाउंडेशन लावलं, वरून पावडर मारली, डोळ्यांना काहीबाही लावलं. मी सावळी आहे. त्या दिवशीच्या फोटोंत माझा चेहरा पांढुरका दिसतो आणि मान दुसऱ्याच कुणाची वाटते. तेवढंच असतं तर निभावलं असतं. पण पंगत उठेपर्यंत गाल खाजायला लागले आणि संध्याकाळी दोन्ही बाजूंना लालभडक पुरळ आलं. वरात निघायच्या वेळी मी आणि आज्जी मागच्या पडवीत बसलो होतो. तिने जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा खोबरेल तेलात बुडवला आणि काही न बोलता एकेक थर उतरवला.

पुरळ जायला नऊ दिवस लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय लावलं होतं?" आणि मला एकाही वस्तूचं नाव सांगता आलं नाही. पाच-सहा गोष्टी एकाच सकाळी लावलेल्या, त्यातली कुठली बाधली ते आजही कळलेलं नाही. डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी एका वेळी एकच वस्तू लाव. ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे, म्हणून ती पहिल्यांदा सांगते.

दुसरी गोष्ट मला रंगपटात मिळाली. अकरावीत मी कॉलेजच्या एकांकिकेत काम केलं. सांगलीत नाटकाचं वारं जुनंच आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' इथे केलं, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, हे आम्हाला शाळेपासून पाठ. पण स्टेजवर उभं राहणं माझ्यासाठी अगदी नवीन होतं. लग्नानंतर चेहऱ्याला ब्रश लावू देण्याचीही भीती बसली होती. आमच्या एकांकिकेला एक वयस्कर रंगभूषाकार काका होते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि आधी विचारलं, "तुला काही सोसत नाही असं आहे का?" मी लग्नाचा प्रकार सांगितला. त्यांनी माझा हात पुढे घेतला, मनगटाच्या आतल्या बाजूला पॅनकेकचा (स्टेजवर चेहऱ्याला लावतात त्या रंगाचा) छोटा ठिपका लावला आणि म्हणाले, "उद्या ये. प्रयोगाला अजून आठ दिवस आहेत. प्रयोगाच्या दिवशी नवीन काही करायचं नसतं. जे काय करायचं ते तालमीत."

तेव्हापासून मी तालमीशिवाय काहीच नवीन करत नाही. गॅदरिंग, लग्न, सेंड-ऑफ, नवरात्रातला भोंडला हे सगळे प्रयोगाचे दिवस. तालमीसाठी साधा रविवार घ्यायचा, ज्या दिवशी कुठे जायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, बिघडलं तर धुऊन टाकता येईल.

काय परत घेता येतं ते आधी बघा

मला नवीन काही करावंसं वाटलं की मी आधी बघते की हे आवडलं नाही तर किती दिवसांनी सुटका होईल. काजळ, लिपस्टिक, टिकली रात्री पुसून जाते. भुवया कोरल्या तर दोन-तीन आठवड्यांत केस यायला लागतात. खांद्यापर्यंत कापलेले केस कमरेपर्यंत यायला वर्षं लागतात. कानाच्या पाळीचं भोक साधारण दीड-दोन महिन्यांत बरं होतं, पण वरच्या कडक भागात टोचलं तर सहा महिने ते वर्षभर जपावं लागतं. जे रात्री पुसून जातं त्यापासून सुरुवात करा. त्यासाठी फार विचार करत बसायची गरजच नाही, करून बघा. जे राहणार आहे त्याच्यासाठी मी मनातल्या मनात तीन महिने थांबते. तीन महिन्यांनीही तेवढंच हवं असेल तर घरात विषय काढते.

या हिशोबात न बसणारी एक गोष्ट म्हणजे काळी मेंदी. खऱ्या मेंदीचा रंग केशरी येतो आणि दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. अर्ध्या तासात कोळशासारखी काळी रंगते त्या मेंदीत बहुतेकदा केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन असतं. त्याने हाताला फोड येतात, डाग राहतात आणि एकदा ॲलर्जी बसली की ती आयुष्यभर राहू शकते. जत्रेत, लग्नात कुणी कितीही आग्रह केला तरी हात मागे घ्या.

घरी सांगायचं कसं

लपवून करू नका. मी एकदा केलं. क्लासच्या जिन्यात काजळ लावायचं, घरी यायच्या आधी नळावर तोंड धुवायचं. काजळ काही नुसत्या पाण्याने जात नाही. डोळ्यांखाली काळं पसरायचं, चोळून चोळून कातडी लाल व्हायची, आणि आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

नंतर मी सरळ बोलले. भांडायच्या सुरात नाही आणि सगळे पाहुणे बसलेले असतानाही नाही. आई भाजी निवडत होती, मी पण शेंगा सोलायला बसले आणि म्हणाले, "आई, मला रविवारी घरातच काजळ लावून बघायचंय. कॉलेजला लावून जाणार नाही. वस्तू घेताना तू बरोबर चल." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डोळ्यांना काही झालं तर?" तेव्हा मला कळलं की तिला 'लोक काय म्हणतील' यापेक्षा लग्नातलं पुरळ आठवत होतं. मी पॅच टेस्ट, म्हणजे आधी हातावर थोडंसं लावून बघणं, कशी करतात ते सांगितलं. पप्पांनी परीक्षेचा विषय काढला, तर सहामाही होईपर्यंत नवीन काही घेणार नाही असं कबूल केलं आणि ते पाळलं. काय करायचंय, कधी आणि कुठे, एवढं नेमकं सांगितलं तर घरच्यांनाही होकार देणं सोपं जातं.

घरी नाहीच म्हणाले तर? माझ्या एका मैत्रिणीला नाहीच म्हणाले. ती माझ्याकडे येऊन लपून करते का? नाही. तिने मावशीला मध्ये घातलं, आता दिवाळीपासून टिकली आणि लिप बाम चालतो. तेवढ्यावर ती सध्या खूश आहे.

पहिली खरेदी

माझ्याकडे वाढदिवसाचे ५०० रुपये होते. त्यात मी सनस्क्रीन, काजळ पेन्सिल आणि रंगाचा लिप बाम अशा तीन वस्तू घेतल्या. आजही मी हेच सांगेन. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं घ्या आणि ते सकाळी चेहऱ्याला व मानेला नीट पुरेल एवढं लावा. थेंबभर लावून काही होत नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये सायकलवरून क्लासला जाताना दुपारचं ऊन अक्षरशः चटके देतं, आणि त्या उन्हात दुसरं काही लावण्यापेक्षा हे एकच जास्त कामाचं.

दुकानात डबी उलटी करा. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, घटकांची यादी आणि 'या तारखेआधी वापरा' हे छापलेलं असायलाच हवं. हे नसेल तर कितीही स्वस्त मिळत असलं तरी ठेवून द्या. डबीवर उघड्या झाकणाचं एक छोटं चित्र असतं आणि त्यात '६ एम' किंवा '१२ एम' लिहिलेलं असतं. म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने चालेल. मी उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून डबीवर लावते. मस्कारा आणला तर तो तीन-चार महिन्यांत टाकून द्यायचा, अर्धा उरला असला तरी.

सुट्टं, बिननावाचं काजळ आणि सुरमा अजिबात घेऊ नका. काही सुरम्यांत शिसं असतं, आणि ते डोळ्यांतून, हातांवरून तोंडात जाऊन अंगात जातं.

आता क्रीमबद्दल, आणि हे मला मनापासून सांगायचंय. आमच्या वर्गातल्या एकीने मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती, 'आठ दिवसांत उजळ होतं' म्हणून. उजळलाही चेहरा. दोन महिन्यांनी लावायचं बंद केलं तेव्हा गाल लाल होऊन जळायला लागले, बारीक पुळ्या आल्या, ओठांच्या वर लव वाढली. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. यादीत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर ते औषध आहे, मेकअप नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लावायचं नाही. आणि उजळ व्हायचंच कशाला? २०२० मध्ये देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध क्रीमने स्वतःच्या नावातून 'फेअर' शब्द काढून टाकला. आपल्या घरातल्या बायका मात्र अजून 'जरा रंग उतरलाय गं' म्हणतात. माझ्या सावळ्या रंगावर मरून आणि विटकरी रंग जे खुलतात ते माझ्या गोऱ्या बहिणीला शोभत नाहीत, हे मला तालमी करूनच कळलं.

पॅच टेस्ट आणि वही

नवीन वस्तू आणली की कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे मुगाएवढी लावायची. २४ तास, जमलं तर ४८ तास तिथे पाणी-साबण लावायचा नाही. खाज, लाली, पुरळ, जळजळ काही झालं तर ती वस्तू चेहऱ्याला लावायची नाही. काही झालं नाही तर मगच रविवारी चेहरा. एका रविवारी एकच वस्तू.

मी वहीच्या मागच्या पानांवर नोंद ठेवते. त्यातली एक अशी आहे: "काजळ पेन्सिल, काळी. सकाळी १० ला लावलं, दुपारी २ ला डाव्या डोळ्याखाली पसरलं. जळजळ नाही. आरशात चांगलं वाटलं, पण चष्मा घातल्यावर डोळे लहान दिसतात. पुढच्या वेळी फक्त बाहेरच्या कोपऱ्यात." आता कुठल्याही डॉक्टरांनी विचारलं तर मी वही पुढे करू शकते.

टिकलीचीही टेस्ट करा, हे कुणी सांगत नाही. माझ्या आज्जीच्या कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग आहे. तिच्या तरुणपणी कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू रेखायचे. पुढे तिने चिकटवायची टिकली घेतली आणि तीस वर्षं रोज त्याच जागी लावली. टिकलीच्या मागच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असू शकतं आणि त्याने काहीजणींच्या कातडीचा रंग जातो. रात्री टिकली काढून ठेवा. खाज आली तर त्या जागी परत लावू नका.

काजळ, अगदी हळू

यातच सगळ्यांचं चुकतं, म्हणून सावकाश सांगते.

खिडकीसमोर बसा. उजेड समोरून तोंडावर पडला पाहिजे. ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर डोळ्यांखाली सावली पडते आणि तुम्ही नसलेलं काळं झाकायला जाता. हात साबणाने धुवा. पेन्सिलचं टोक काढून आधी हाताच्या मागच्या बाजूला दोन-तीन रेघा ओढा, म्हणजे ती ऊब धरून मऊ होते आणि पापणीला ओढ बसत नाही.

कोपर टेबलावर टेकवा. करंगळी गालावर ठेवा. हात असा दोन ठिकाणी टेकलेला असला की थरथरत नाही. नजर वर, छताकडे. खालच्या पापणीच्या केसांच्या अगदी मुळाशी, बाहेरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून तांदळाएवढ्या छोट्या छोट्या रेघा मारत आतल्या बाजूला या, अर्ध्यापर्यंतच. एका दमात सबंध रेघ ओढायला गेलात की ती वाकडी होणारच. मग इअरबडने त्या रेघा एकमेकींत मिसळा. पापणीच्या आतल्या ओल्या कडेला मी काजळ लावत नाही. आज्जी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट धरून, त्याची काजळी तुपात कालवून काजळ करायची आणि आमच्या डोळ्यांत घालायची, ते मला आठवतं. त्यात प्रेम होतं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतून घालायला मना केलंय आणि मी ते ऐकते. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी लेन्स घाला, मग काजळ.

पसरू नये म्हणून डोळ्याखाली बोटाने अगदी चिमूटभर साधी पावडर दाबा. चोळायची नाही.

आता उठा आणि आरशापासून तीन पावलं मागे जा. काका हे प्रत्येकाला करायला लावायचे. "आरशाला नाक लावून बसलीस तर फक्त चुका दिसतील," म्हणायचे, "माणसं तुला एवढ्या जवळून बघत नाहीत." स्टेजवरचा मेकअप शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी असतो, म्हणून तो जवळून भडक दिसतो. आपला मेकअप शेजारी बसलेल्या मैत्रिणीसाठी. दोन्ही डोळे एकसारखे झाले नाहीत तर जास्त झालंय तिथलं पुसा, कमी आहे तिथे भर घालत बसू नका. नाहीतर दोन्ही बाजू वाढत वाढत जातात.

बाकीचं थोडक्यात

ओठांना आधी साधा बाम, पाच मिनिटांनी लिपस्टिक, तीही बोटाने थापून. कांडीने सरळ लावली तर पहिल्यांदा फार गडद वाटते आणि माणूस बिचकतो. भुवयांना जुना टूथब्रश स्वच्छ धुऊन वरच्या दिशेने फिरवा, तेवढ्याने चेहरा नीटस दिसतो. फाउंडेशनची आपल्या वयाला गरज पडत नाही. स्टेजसाठी लागलंच तर ते हनुवटीच्या कडेला लावून दारात, दिवसाच्या उजेडात बघा. जे दिसेनासं होतं तो तुमचा रंग. दुकानातल्या दिव्याखाली सगळंच छान दिसतं.

पुळ्यांवर टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा लावू नका. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी काळी पडते.

गॅदरिंगला एकच काजळ आणि एकच लिपस्टिक वीस जणींत फिरते, ते बंद करा. २०२३ च्या पावसाळ्यात सगळीकडे डोळे आले होते तेव्हा आमच्या वर्गात निम्मी बाकं रिकामी होती. काजळ ज्याचं त्याचं. लिपस्टिक वाटूनच घ्यायची असेल तर प्रत्येकीने नवीन इअरबडने थोडी खरवडून घ्यायची, तो इअरबड परत कांडीला लावायचा नाही. आमच्या एकांकिकेत मुलंही मेकअपला बसायची आणि त्यांनाही हेच नियम होते.

कुणी काही बोललं तर काय करायचं, हेही बहिणीने विचारलं. मला एका नातेवाइकांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तोंड कशाला रंगवलंस?" मी म्हणाले, "मला आवडतं म्हणून," आणि ताट वाढायला गेले. छातीत धडधडत होतं, पण आवाज नीट निघाला. त्यालाही तालीम केली होती, आरशासमोर चार वेळा. वर्गातली एखादी मेकअप करत नाही म्हणून तिला कुणी बावळट म्हणत असेल तर तेही तितकंच वाईट आहे. करून बघितलं आणि नाही आवडलं, तर वहीत तसं लिहायचं आणि पेन्सिल ठेवून द्यायची.

रात्री

कितीही दमलात तरी झोपायच्या आधी काढायचं. कापसाच्या बोळ्यावर खोबरेल तेलाचे चार थेंब, बंद डोळ्यावर दहा सेकंद नुसतं धरून ठेवा, मग वरून खाली एकदाच पुसा. आडवं चोळू नका. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. खोबरेल तेल तसंच राहिलं तर पुळ्या येतात, म्हणून लगेच सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टॉवेलने टिपून घ्या, साधं मॉइश्चरायझर लावा. डोळा लाल झाला, चिपडं आली किंवा उजेड सोसेना, तर काजळ बंद आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर. जाताना ती पेन्सिल बरोबर न्या.

मामेबहिणीची पॅच टेस्ट शुक्रवारी झाली. काही आलं नाही. मामीने स्वतः फोटो काढून पाठवला, कोपराचा. या रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल ठरलाय. खुर्ची खिडकीसमोर ठेव, एवढंच सांगितलंय.